शंभर टक्के गाव

मुरूमच्या बाजारपेठेत वैजनाथला वैजनाथ म्हणणारी दोनच माणसं उरली होती. एक त्याची म्हातारी आत्या आणि दुसरा पोस्टमन. बाकी सगळे त्याला डॉक्टर म्हणत. बारावीत त्यानं शाळा सोडली की शाळेनं त्याला सोडलं, यावर त्याच्या वर्गमित्रांत अजून एकमत नाही. पण शेतकरी रोगट पान घेऊन त्याच्या कृषी सेवा केंद्राची पायरी चढला की डॉक्टर कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा, पान उजेडात धरायचा, उलटं बघायचा, सुलटं बघायचा, एकदा हुंगायचासुद्धा. आणि मग असा चेहरा करून मान हलवायचा की शेतकऱ्याला वाटावं, आता पिकाच्या दहाव्याचीच तयारी करावी.

"वेळेवर आलास," तो म्हणायचा. "अजून उशीर केला असतास तर मी हात टेकले असते."

कुणीही आणि कधीही येवो, तो वेळेवरच आलेला असायचा. मग काउंटरवर तीन बाटल्या यायच्या. एक अळीसाठी, एक पिकाला ताकद यावी म्हणून, आणि एक या दोन्ही पानाला नीट चिकटाव्यात म्हणून. कुणी भीत भीत विचारलं, की रानात अळी अजून दिसली नाही, तर डॉक्टर त्याच्याकडं कीव केल्यासारखा बघायचा. "दिसल्यावर मारून काय उपयोग? नाही तोवरच मारायचं असतं." शेतकरी पिशवी पुढं करायचा.

त्या बाटल्यांवर एका कोपऱ्यात लाल चौकट असते आणि तिच्यात कवटी नि हाडांचं चित्र असतं. बाटली गिऱ्हाइकाच्या हातात देताना डॉक्टरचा अंगठा बरोबर त्या चित्रावर यायचा. मुद्दाम नव्हे हो, इतक्या वर्षांची सवय. फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, ते आतल्या घडीच्या कागदावर छापलेलं असायचं, पण इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला मुंगीच बोलवावी लागेल. कुणी विचारलंच तर डॉक्टर म्हणायचा, "धुतलं की गेलं."

तो वाईट माणूस होता असं नाही. वाईट माणसाला निदान स्वतःची थोडी भीती वाटते. वैजनाथला वाटायचं आपण गावाचं भलं करतोय, आणि दुकानात उभा असताना ते त्याला मनापासून पटलेलं असायचं. घरी आला की मात्र तो दुकानातला सदरा बाहेरच्या खुंटीला टांगायचा, हात कोपरापर्यंत साबणानं घासायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. आणि त्याच्या घरात बाजारातली भाजी येत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. लेक करिश्मा रांगत होती तेव्हाच त्यानं बायकोला, दैवशालाला, बजावलं होतं. "बाजारातली भाजी घरात आणायची नाही. औषध न मारणारं कुणीतरी शोध आणि त्याच्याकडूनच घे. पण कोण ते मला सांगायचं नाही."

"का हो?"

"सांगितलंस तर मी त्याला औषध विकीन."

असं म्हणून तो खो खो हसला होता. दैवशाला हसली नव्हती. नवऱ्याची नस तिला चांगली ठाऊक होती. तिनं ते शब्द गाठ मारून ठेवले, माणूस शोधलं, त्या माणसालाही तोंड बंद ठेवायला सांगितलं, आणि तेव्हापासून परसदारानं कापडी पिशवीतून भाजी येऊ लागली. मेथीला भोकं, चुक्याची कड कुरतडलेली, कधी फ्लॉवरमधून एखादी हिरवी अळी डोकं वर काढायची. डॉक्टर ती चमच्यानं हळूच बाजूला करायचा आणि कौतुकानं म्हणायचा, "हे बघ, सर्टिफिकेट." ज्या अळीचा दुकानात तो निर्वंश करायचा, तिला घरात असा मान होता.

तर यंदा करिश्मा माहेरी आली होती. पुण्याला दिलेली, नवरा चांगल्या नोकरीत, सातव्या मजल्यावर घर. मागल्या वर्षी तिला दिवस गेले होते, पण चौथ्या महिन्यात सगळं संपलं. फोनवर ती रडली तेव्हा वैजनाथ दुकानात होता. तो मागच्या गोदामात गेला आणि खोक्यांवर बसून हमसून हमसून रडला. लेकीवर त्याचा जीव होता, त्या माणसातली ती एक गोष्ट शंभर नंबरी होती. आता तिला पुन्हा पाचवा महिना चालू होता. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे खऱ्याखुऱ्या डॉक्टरीणबाईंनी, सांगितलं होतं की विश्रांती घ्या, ताजं खा, स्वच्छ खा. वैजनाथ तिच्या ताटाकडं असा बघत बसायचा की शेवटी तिलाच संकोच वाटायचा.

आणि तिला डोहाळा लागला होता येळवशीच्या भज्जीचा.

येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, या भागात दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावं ओस पडतात नि रानं भरतात. रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, आंबील लिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडायची आणि मग मांडीला मांडी लावून जेवायचं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळख्यालाही हाक मारून पानावर बसवायचं. जेवणात भज्जी हवीच. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे दाणे, मेथी, चुका, पालक, कांद्याची पात, जे जे रानात हिरवं आहे ते सगळं ताक-बेसनात शिजवलेलं. मटणाला नाक मुरडणारे आणि मटणावर तुटून पडणारे, दोघंही तिच्यावर सारखेच तुटून पडतात.

डॉक्टरची मात्र येळवस म्हटली की पाचावर धारण बसायची. मुरूमशेजारच्या त्याच्या वाडीतला बहुतेक प्रत्येक जण त्याचा गिऱ्हाईक. प्रत्येकाच्या कोपीतून बोलावणं यायचं आणि प्रत्येकाच्या तुरीवर कधी काय मारलंय ते डॉक्टरला पाठ. मग एका कोपीत उपास सांगायचा, दुसऱ्या कोपीत दाढ दुखायची, तिसऱ्या कोपीत पोट बिघडलेलं असायचं. इतक्या वर्षांत त्यानं कुणाच्या रानात घास म्हणून तोंडात घातला नव्हता. लोक म्हणत, डॉक्टर लई देवभोळा माणूस.

बरं, त्याच्या स्वतःच्या रानातलं खावं तर तेही नको. त्याचं रान म्हणजे औषध कंपनीचा डेमो प्लॉट. नवीन औषध आलं की पहिला फवारा तिथंच. बांधावर पिकापेक्षा पाट्या जास्त होत्या. तिथल्या हरभऱ्यावर फुलपाखरू बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"भज्जीचं मी बघते," दैवशाला म्हणाली. "नेहमीच्या ठिकाणाहून आणते."

"तेवढं बघ बाई," तो म्हणाला आणि निर्धास्त झाला.

निर्धास्त व्हायला त्याला आणखीही कारण होतं. त्याच्या डोक्यात दुसराच सोहळा चालू होता. कंपनीनं योजना काढली होती, 'शंभर टक्के संरक्षित गाव'. ज्या गावातल्या एकूण एक शेतकऱ्याच्या रानात कंपनीचं औषध पडेल, त्या गावाच्या वेशीवर कंपनीची मोठी पाटी लागणार आणि दुकानदाराचा सत्कार होणार. कंपनीचा साहेब अनिरुद्ध, तुळजापूरच्या एका शिक्षकाचा मुलगा, बोलायला साखर, खास येळवशीच्या दिवशी सत्कार करायला डॉक्टरच्या कोपीत येणार होता. सगळं गाव रानात असतं, व्हिडिओ झकास निघतो, असं त्याचं म्हणणं होतं.

अडचण एकच. वाडीत एक घर राहिलं होतं. गजराबाई.

गजराबाई शेळ्या राखायची. ओढ्याच्या काठाला विहिरीच्या पाण्यावर तिची एवढीशी पट्टी होती, त्यात पालेभाजी, चार वाल, चार तुरी. औषधाचं नाव काढलं की ती कानावर हात ठेवायची. येळवशीच्या आधी एके सकाळी डॉक्टर स्वतः मोटारसायकल घेऊन तिच्या पट्टीत उतरला. खिशात फुकटातली बाटली होती. फुकट वाटायला डॉक्टरचा हात सहसा उठत नसे, पण पाटीसाठी तो उठला.

"मावशी, काय ही दशा! पानं बघ, चाळण झालीय चाळण."

"आळी खाऊन खाऊन खाती किती?" गजराबाई म्हणाली. "अन् माजी शेरडं हायत, डाक्टर. त्यांस्नी देठं लागत्यात."

डॉक्टरनं चुक्याचं पान तोडलं, चष्मा खाली आणला, उलटं बघितलं, सुलटं बघितलं, हुंगलं आणि मान हलवली. "मी वेळेवर आलो म्हणून बरं."

"म्हंजी?"

"म्हणजे येळवशीपर्यंत यातलं काही हाताला लागत नाही. आणि लागलं तरी असला भोकं पडलेला पाला कुणाच्या पानात वाढणार आहेस? सणाला लोक काय म्हणतील?"

हे मात्र तिला लागलं. तिनं ते पान हातात घेतलं. मग म्हणाली, "व्हय. खरंय बगा. यंदा खाणारं माणूस लई मोलाचं हाय."

तिचा नातू येणार असेल, असं डॉक्टरला वाटलं. त्यानं विचारलं नाही. त्यानं बाटली तिच्या हातात ठेवली, चित्रावर अंगठा ठेवूनच, आणि समजावून सांगितलं, "सणाच्या आदल्या दिवशी मार. सकाळी पाला असा टवटवीत दिसेल की बघणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत." तिच्याकडं फवारायचा पंप आहे का, हे विचारायचं राहून गेलं. फोटो काढायचा मात्र राहिला नाही. बाटली हातात धरलेली गजराबाई आणि शेजारी दात काढून उभा डॉक्टर. फोटो तिथूनच अनिरुद्धला गेला. खाली लिहिलं होतं, शंभर टक्के.

येळवशीचा दिवस उजाडला. दैवशाला अंधारातच उठून चुलीपुढं बसली होती. परसदारानं पिशवी आली तेव्हा तिनं पाला बघून जरा डोळे बारीक केले होते. एकही भोक नव्हतं. पण पोरीसाठी म्हणून भाजी देणाऱ्या म्हातारीनं एकेक पान निवडून आणलं असेल, असं वाटून तिचा जीव भरून आला आणि तिनं भज्जी चढवली.

दुपार कलायच्या आत डॉक्टरच्या कोपीपुढं ही गर्दी. पांडव पुजून झाले, आंबील शिंपडून झाली. बांधापलीकडचा रामकिसन आला, ओढ्याकडचा ईरण्णा आला, हरणाबाई आपल्या सुनांना घेऊन आली. अनिरुद्ध पांढऱ्या गाडीतून उतरला, त्यानं पाटी कोपीला टेकवून ठेवली आणि मोबाइल एका काठीला लावून व्हिडिओ चालू केला. मधोमध घोंगडीवर करिश्मा बसली होती. दैवशालानं तिच्या पानात पहिल्यांदा वाढलं. इतक्या दिवसांनी पोरीच्या चेहऱ्यावर हसू बघून वैजनाथला भरून आलं. आज सगळं मनासारखं झालं, असं त्याला वाटलं. बिचारा.

"मंडळी," अनिरुद्धनं सुरुवात केली, "या शिवारातलं एकेक पान आज सुरक्षित आहे. एकही अळी नाही. हे आहे शंभर टक्के संरक्षित गाव!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गजराबाई आली. नवं लुगडं नेसली होती, पण चेहरा उतरलेला. तरी करिश्माला बघून तिची कळी खुलली. ती तिच्याजवळ टेकली, तिच्या पानातला पाला बोटानं उलटून बघितला आणि अभिमानानं म्हणाली,

"बगितलंस का लेकी? एक बी भोक न्हाय. येकेक पान निवडलंय. तुला भोकाभोकाचं खाऊ घालू व्हय म्या?"

"आजी, ही तुमच्या मळ्यातली?"

"मग कुणाची? तू बोबडी बोलत व्हतीस तवापास्नं तुमच्या घरला माजाच पाला हाय. डाक्टरला सांगायचं न्हाय, आसं तुज्या आयनं बजावलं व्हतं. पर आज सणाचं सांगते." आणि ती वैजनाथकडं वळली. "डाक्टर, तुमचं औषद लई भारी बगा. काल दिस बुडताना मारलं. सगळ्या आळ्या पटापटा खाली."

वैजनाथनं लेकीच्या पानाकडं बघितलं.

करिश्मानं भाकरीचा तुकडा भज्जीत बुडवला होता. समोर मोबाइल चालू होता. भोवताली त्याचे सगळे गिऱ्हाईक. खाऊ नको म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि सांगितलं की उद्यापासून दुकानाची पायरी कोण चढणार? गप्प बसावं तर समोर पोटुशी लेक. एवढ्या पेचात सापडूनही त्याच्या डोक्यानं दुकानदारासारखीच तिसरी वाट काढली. तो उठला, "अगं पाणी दे" असं काहीतरी पुटपुटला, घोंगडीच्या काठात पाय अडकल्याचं सोंग केलं आणि सगळा देह घेऊन लेकीच्या पानावर आडवा झाला. जाता जाता त्यानं भज्जीच्या पातेल्यालाही लाथ घातली. हिरवीगार भज्जी ढेकळांत पसरली.

बायका किंचाळल्या. येळवशीला अन्न सांडणं म्हणजे वर्षाचा अपशकुन. दैवशाला नवऱ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला पडणं आणि पडल्यासारखं करणं यातला फरक कळतो. वैजनाथ गुडघे झटकत उठला आणि मनातल्या मनात हुश्श म्हणाला. सुटलो.

पण येळवस ही काही एका पातेल्यावर चालत नाही, हे तो विसरला होता.

"आगं माजे माय!" हरणाबाई ओरडली. "गरवार लेक अन् सणाच्या दिशी उपाशी? आवो, बगत काय बसलाव? आणा की आपापली भज्जी!"

झालं. सगळं रान धावलं. बघता बघता बांधाबांधावरून वाट्या आल्या, तांबे आले, झाकलेली पातेली आली. करिश्मापुढं नवीन पान मांडलं आणि त्यावर सगळ्या शिवाराची भज्जी पडायला लागली. प्रत्येक जण मायेनं वाढत होता आणि वैजनाथ एकेक वाटी ओळखत होता. ही रामकिसनची, तुरीवर परवाच दोन औषधं एकात कालवून मारलीत, आपणच म्हणालो होतो चालतंय. ही ईरण्णाची, वालावर लाल चौकटीची बाटली. ही हरणाबाईची, हरभऱ्यावर तिसरा फवारा. आपल्याच दुकानातली सगळी मांडणी लेकीच्या पानात येऊन बसली आहे असं त्याला दिसलं. आता पुन्हा पडावं तर किती वेळा पडावं?

करिश्मा हसत म्हणाली, "बास, बास, किती वाढताय!" आणि तिनं रामकिसनच्या वाटीतला घास उचलला.

"खाऊ नकोस!" वैजनाथ ओरडला. "करिश्मा, टाक ते! विष आहे त्यात!"

इतक्या वर्षांच्या धंद्यात हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा गेला. अनिरुद्ध धडपडत मोबाइल बंद करायला धावला.

आणि मग रामकिसन हसला. आधी गालातल्या गालात, मग मोठ्यानं.

"विष? डाक्टर, आमी काय येडे हाव व्हय?"

"अरे, तूच तर परवा दोन बाटल्या—"

"त्या मोठ्या रानात मारल्या. ही भज्जी घरच्या वाफ्यातली हाय. हिरीच्या कडंला चार सऱ्या सोडतो आमी. त्यात थेंब बी पडू देत न्हाय. लेकराबाळांनी खायाचं त्याला कोण औषद मारतं?"

"आमचा बी वायला वाफा हाय," ईरण्णा म्हणाला.

"सगळ्यांचाच हाय," हरणाबाई म्हणाली. "तुमास्नी वाटलं तुमी एकलेच शाने?"

वैजनाथनं विचारलं, "मग मला कधी कुणी बोललं का नाही?"

"तुमाला सांगितलं आसतं," रामकिसन डोळे पुसत म्हणाला, "तर तुमी त्या वाफ्याला बी औषद दिलं आसतं."

सगळी हसली. दैवशालाला मात्र हसू आलं नाही, हे वाक्य तिनं कुणाच्या तरी तोंडून आधी ऐकलं होतं. शंभर टक्के गावाची पाटी कोपीला टेकून तशीच उभी होती. वैजनाथला राग यायला हवा होता, इतक्या वर्षांच्या उपासांची आणि दुखऱ्या दाढांची आठवण होऊन लाज तरी वाटायला हवी होती. पण त्याला नुसतं हलकं हलकं वाटलं. लेक वाचली. तोही हसायला लागला. "अरे मग खा की! करिश्मा, खा, पोटभर खा. घरचं आहे."

करिश्मानं घास तोंडाजवळ नेला नाही. तो तिच्या हातातच होता.

"रामकिसनकाका," तिनं विचारलं, "मग मोठ्या रानातलं कुठं जातं?"

"मार्केटला."

"कुठल्या?"

रामकिसनचं हसू ओसरलं. त्यानं मुंडासं सारखं केलं, ईरण्णाकडं बघितलं. ईरण्णानं बांधाकडं बघितलं.

"सोलापूरला जातं थोडं," शेवटी रामकिसन म्हणाला. "बाकीची गाडी पुण्याला जाती."

करिश्मानं घास पानावर ठेवला. "पप्पा," ती म्हणाली, "मागल्या वर्षी मी पुण्यातच होते. रोज हिरवी भाजी खायची. एकही भोक नसायचं. मला वाटायचं किती छान मिळते इथं."

ती ओरडली नाही, रडली नाही. मागल्या वर्षी काय कशामुळं झालं हे कुणी सांगू शकत नव्हतं, तिलाही ते माहीत होतं आणि तिनं तसा आरोपही केला नाही. तिनं फक्त बापाकडं बघितलं. वैजनाथला वाटलं, हिनं चार माणसांत कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजी," करिश्माशेजारून गजराबाईचा आवाज आला, "खायाच्या वाफ्याला मारायचं नसतं व्हय?"

ईरण्णा परत बांधाकडं बघू लागला.

"माजा तर येकच वाफा हाय," ती म्हणाली. "डाक्टर म्हणले मार, म्या मारलं. पंप कुटला माज्याकडं? घमेल्यात कालवलं अन् लिंबाच्या डहाळीनं शिपडलं, आंबील शिपडतो तसं. सकाळी घरी जराशी भज्जी केली, मीठ बगाया चार घास खाल्ले. देठं शेरडांस्नी टाकली. रातीपास्नं डोकं गरगरतंय, हाताची आग व्हतीय. म्या म्हणलं सणाची दगदग." तिनं तळहात पुढं केले. लाल झाले होते, सुजलेही होते. "डाक्टर, बगा की जरा. म्या येळंवर आले न्हवं?"

सवयीनं वैजनाथचा हात कपाळावरच्या चष्म्याकडं गेला आणि तिथंच थांबला. पोरीच्या पानासाठी त्यानं एवढी कसरत केली, लाथ मारली, लोळला, ओरडला. पण ज्या बाईनं पाला पिकवला तिनंही तो खाल्ला असेल, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

हलली ती दैवशाला. तिनं पदर खोचला आणि अनिरुद्धला म्हणाली, "साहेब, गाडी काढा. मावशीला सरकारी दवाखान्यात न्यायचंय." अनिरुद्ध पुढच्या कार्यक्रमाचं काहीतरी बोलायला लागला, तर तिनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो गाडी काढायला गेला. मग ती नवऱ्याकडं वळली. "तुम्ही पण चला. वाटेत तिच्या घरून ती बाटली घ्या. तिथं खरा डॉक्टर विचारील काय मारलं होतं. ते सांगायला तुम्हीच लागाल."

पांढरी गाडी उसळत गाडीवाटेनं निघाली. गजराबाईच्या झोपडीशी थांबून वैजनाथनं बाटली आणली आणि मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसला. तिचं डोकं काचेला टेकलं होतं. दोन्ही तळहात तिनं मांडीवर उताणे ठेवले होते. आपल्या शेळ्या कुणीतरी बांधून घ्याव्यात आणि ती देठं काढून टाकावीत, असं ती सारखं सांगत होती. नंतर ती त्याच्या हातातल्या बाटलीकडं बघू लागली.

मग तिनं सुजलेल्या बोटांनी हळूच त्याचा अंगठा बाजूला सारला. तिला अक्षर येत नव्हतं. कवटीचं चित्र मात्र तिला स्वच्छ दिसलं.

"डाक्टर," ती म्हणाली, "हे आदीपास्नंच हितं व्हतं व्हय?"

"हो," वैजनाथ म्हणाला.